डॉगफिश नेमका कोण, आणि त्यात आपली मोरी कशी आली

बीएस्सीला झूलॉजी केलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही डॉगफिश म्हणून बघा, आधी फॉर्मलिनचा वास आठवेल आणि मग मेणाच्या ट्रेमधे टाचण्यांनी अडकवलेला तो करडा मासा. आम्ही त्याच्या डोक्यातल्या नसा मोकळ्या करायचो, नाकाडावर अंगठा दाबला की बारीक भोकांतून जेलीसारखं काहीतरी बाहेर यायचं ते बघायचो, कातडीचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधे उकळून खवल्यांची स्लाइड बनवायचो, आणि जर्नलमधे वर ठळक अक्षरात लिहायचो, स्कोलिओडॉन म्हणजेच डॉगफिश. त्या दिवाळीला घरी गेले तर मागल्या दारी आई आडाळ्यावर मासे कापत बसलेली आणि तिच्या हातात तोच मासा. मी म्हटलं, आई हा तर डॉगफिश, आम्ही हाच कापतो कॉलेजात. आईने मान वर न करता सांगितलं, "कुत्रो खंयसून इलो मधीच? मोरी ती."

तेव्हा मला वाटलं होतं की पुस्तकातलं ते खरं नाव आणि आईचं ते आपलं घरातलं. खूप वर्षांनी हा विषय नीट वाचायला घेतला तेव्हा कळलं की डॉगफिश या नावात इतके वेगवेगळे मासे कोंबलेले आहेत की त्यातले काही एकमेकांचे लांबचे नातेवाईकसुद्धा नाहीत, आणि ज्यांना शास्त्रात खरे डॉगफिश म्हणतात त्यांच्यात आमचा ट्रेमधला मासा बसतच नाही. हे सगळं मराठीत कुणीतरी सरळ सांगायला हवं असं बरेच दिवस वाटत होतं, म्हणून लिहितेय.

आधी आपला मासा बघू. स्कोलिओडॉन लॅटिकॉडस हे त्याचं शास्त्रीय नाव. नाकाड चपटं, वरून बघितलं तर गवंड्याच्या थापीसारखं, म्हणून इंग्रजीत हल्ली त्याला स्पेडनोज शार्क म्हणतात. मोठा झाला तरी साधारण हातभर, पाऊण मीटरच्या वर काही जात नाही. किनाऱ्याजवळच्या गढूळ, चिखलाच्या तळावर राहतो, बोंबलासाठी लावलेल्या डोल जाळ्यात येतो, ट्रॉलरच्या जाळ्यात येतो, आणि मुंबई-पालघरपासून खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत बाजारात जे लहान शार्क दिसतात त्यात हा भरपूर असतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात मोरी, मुंबईकडे मुशी. आता खरं सांगायचं तर मोरी आणि मुशी ही नावंही एकाच जातीला बांधलेली नाहीत, कुठल्याही लहान शार्कला कोळीण मुशीच म्हणेल, पण त्या नावातून निदान चुकीचं काही सांगितलं जात नाही.

डॉगफिशचं तसं नाही. हा इंग्रजी शब्द पाचशेहून जास्त वर्षं जुना आहे आणि तो कुठल्या शास्त्रज्ञाने नाही, कोळ्यांनी दिलेला. त्यामागचं कारण असं सांगतात की हे लहान शार्क टोळीने फिरतात आणि कुत्र्यांच्या कळपासारखे लहान माशांच्या थव्याच्या मागे लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजीत एखादी वस्तू कमी प्रतीची, बिनकामाची वाटली की तिच्या नावाला डॉग जोडायची जुनी सवय आहे, वास नसलेल्या जांभळ्या रानफुलाला ते डॉग व्हायोलेट म्हणतात. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यात हेरिंग किंवा कॉडऐवजी जो नको असलेला, जाळं फाडणारा, दात असलेला मासा यायचा तो डॉग. नाव माशाच्या शरीरावरून पडलेलंच नाही, कोळ्याच्या कंटाळ्यावरून पडलंय म्हणा ना, आणि असा कंटाळा तर कुठल्याही समुद्रात, कुठल्याही नदीवर कुठल्याही माशाचा येऊ शकतो, त्यामुळे हे नाव जिथे जिथे इंग्रजी बोलणारे गेले तिथे तिथे नव्या माशाला चिकटत गेलं.

एकेक बघू. ब्रिटनच्या आजूबाजूला आणि भूमध्य समुद्रात एक ठिपकेवाला लहान शार्क असतो, सायलिओरायनस कॅनिक्युला. इंग्लंडमधे पिढ्यानपिढ्या झूलॉजीच्या वर्गात कापला गेला तो हा. कॅनिक्युला म्हणजे लॅटिनमधे छोटा कुत्रा, १७५८ मधे लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ठेवलेलं नाव. आणि गंमत अशी की ज्या कुळात तो बसतो त्या कुळाला आता इंग्रजीत कॅटशार्क म्हणतात, म्हणजे लॅटिनमधे कुत्रा आणि इंग्रजीत मांजर. हा अंडी घालतो. अंड्याला चामड्यासारखी चपटी पिशवी असते, चार कोपऱ्यांना स्प्रिंगसारखे गुंडाळलेले तंतू, ते शेवाळाला अडकवून आई निघून जाते आणि आत पिल्लू कित्येक महिने वाढत राहतं. रिकाम्या पिशव्या वाळूवर वाहून येतात, तिथली मुलं गोळा करतात.

दुसरा स्पायनी डॉगफिश, स्क्वॅलस अकॅन्थियस. शास्त्रात डॉगफिशचा जो गट आहे त्याचा हा मुख्य प्रतिनिधी. पाठीवरच्या दोन्ही परांच्या पुढे एकेक टोकदार काटा असतो, सौम्य विषारी, अंगाची कमान करून तो मारतो. थंड पाण्यातला मासा आहे, अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना आणि दक्षिणेकडच्या थंड समुद्रांत सापडतो. उत्तर पॅसिफिकमधला आधी हाच समजला जायचा, पण २०१० मधे अभ्यास करून त्याला वेगळी जात ठरवली, म्हणजे खऱ्या डॉगफिशमधेही गोंधळ होताच. हा पिल्लं घालतो, आणि त्यासाठी मादीला जवळपास दोन वर्षं लागतात. दोन वर्षं गरोदर! हत्तिणीशी बरोबरी करणारा काळ आहे हा. पिल्लाला जन्मतःच पाठीवर काटे असतात आणि आईला इजा होऊ नये म्हणून त्या टोकांवर मऊ टोपी असते.

तिसरा मस्टेलस, म्हणजे स्मूथ हाउंड, हाउंड म्हणजे परत कुत्राच, आणि अमेरिकेत त्याच्या एका जातीला स्मूथ डॉगफिश म्हणतात. त्याला काटे नाहीत, दातही फरसबंदीसारखे चपटे, खेकडे फोडून खायला. याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

इथपर्यंत निदान सगळे शार्क तरी होते. अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या दलदलीत आणि तळ्यांत अमिया काल्व्हा नावाचा मासा आहे, बोफिन. त्यालाही तिकडे बरेच लोक डॉगफिश म्हणतात. हा शार्क नाही, शार्कच्या आसपासचाही नाही, त्याला आपल्यासारखी हाडं आहेत, कल्ल्यावर झाकण आहे, आणि पोटातल्या हवेच्या पिशवीने तो पाण्यावर येऊन श्वास घेऊ शकतो. डायनासोरांच्या काळात ज्यांचे पुष्कळ भाऊबंद होते त्या वंशातली आता अमिया ही एकच प्रजाती उरलीय. नर घरटं करतो आणि पिल्लांचा थवा घेऊन फिरतो, राखण करतो. अशा माशाला नकोसा मासा म्हणून डॉगफिश म्हटलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि युरोपात डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात बोटाएवढा एक चिखलातला मासा आहे, उम्ब्रा, त्याला जर्मनमधे हुंड्सफिश म्हणतात, शब्दशः कुत्रामासा. म्हणजे काटेवाला समुद्री शार्क आणि डबक्यातला बोटभर मासा, दोघांचं नाव एक.

आता यात आपली मोरी कशी घुसली? आपला झूलॉजीचा सिलॅबस इंग्रजांच्या सिलॅबसवरून आला. तिथे शार्क शिकवायला डॉगफिश होता, सायलिओरायनस, तो इथल्या समुद्रात नाही. इथे सहज मिळणारा, ट्रेमधे मावणारा, स्वस्त शार्क कोणता, तर स्कोलिओडॉन. मग मासा बदलला आणि नाव तेच राहिलं. विशेष म्हणजे ज्यांनी या माशावर पहिलं सविस्तर काम लिहिलं, त्या ई. एम. थिलयमपलम यांनी १९२८ च्या आपल्या मोनोग्राफच्या शीर्षकात त्याला भारतीय समुद्रातला सर्वसामान्य शार्क असं सरळ म्हटलं होतं. पण गाइडांमधून आणि जर्नलांमधून डॉगफिशच पुढे गेला. त्यातही आमच्या वेळेला पुस्तकात जात सोराकोवा लिहिलेली असायची (तेलुगूत शार्कला सोरचेप म्हणतात आणि तमिळमधे सुरा, त्यातला तो सोरा), ते नाव आता स्वतंत्र जात म्हणून धरत नाहीत, लॅटिकॉडसमधेच जमा करतात. १९६४ मधे या सगळ्या गटाची फेरतपासणी झाली आणि स्कोलिओडॉन नावाखाली कोंबलेले कितीतरी मासे दुसऱ्या प्रजातींत गेले. आमची पुस्तकं मात्र आपली तशीच चालत राहिली. पुढे २०१४ मधे यूजीसीने कॉलेजांतली डिसेक्शनं बंद केली, त्यामुळे आत्ताच्या मुलांनी हा मासा ट्रेमधे बघितलेलाच नसणार.

मग मोरी आहे कोण? ती कार्कारिनिडी कुळातली आहे, म्हणजे टायगर शार्कच्या गटाच्या अगदी शेजारची, बुल शार्क, ब्लॅकटिप ज्या घरातले त्याच घरातली धाकटी. खऱ्या डॉगफिशपासून तिची वाट फार जुन्या काळी वेगळी झालेली आहे.

हे बाजारात उभं राहून ओळखता येतं का, तर येतं, आणि त्याला झूलॉजी लागत नाही. मासा उलटा करा, पोटाखाली शेपटीच्या आधी मधोमध एक लहान पर दिसतो का बघा, त्याला गुदपर म्हणतात. खऱ्या डॉगफिशला तो नसतोच. मोरीला असतो, आणि चांगला लांब असतो, पाठीवरचा दुसरा छोटा पर त्याच्याही मागे सरकलेला असतो. पाठीवरच्या परांपुढे काटे आहेत का बघा, मोरीला नाहीत. अंगावर ठिपके नाहीत, सरळ करडा रंग, पोट पांढरं. डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढरट पडदा असतो तो चिमट्याने वर येतो, ही तिच्या कुळाची खूण. आणि कल्ल्यावर झाकण नाही, उघड्या पाच फटी, ही खूण बहुतेक सगळ्या शार्कची मिळून, बोफिनला इथेच बाजूला काढता येतं. कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. पूर्वी युरोपात सुतार लाकूड घासायला डॉगफिशची कातडी वापरायचे ती याच खवल्यांमुळे, दातासारखी रचना असते एकेका खवल्याची, वर इनॅमलसारखा कडक थर आणि आत पोकळी.

ही कातडी म्हणजेच आईचं मुख्य काम. कढत पाणी ओतायचं, एक मिनिट थांबायचं आणि सुरीने खरवडायचं, रेती निघावी तशी ती वरची खरखर निघते. आणि मोरीला आंबट घातल्याशिवाय ती करत नाही, त्याचंही कारण शरीरातच आहे. समुद्राच्या खारट पाण्यात अंगातलं पाणी टिकवायला शार्क आपल्या रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवतात. मासा मेल्यावर बॅक्टेरिया त्या युरियाचा अमोनिया करतात, शिळ्या मोरीला जो नाकात जाणारा वास येतो तो हाच. आमसूल, चिंच, व्हिनेगर हे आम्ल अमोनियाला बांधून टाकतं. गोव्यात मोरीचं आंबटतीख इतकं जमलं त्यामागे चव आहेच पण हेही आहे. मोरी घ्यायची तर ताजी घ्या, कल्ल्याच्या फटीजवळ नाक न्या, वास आला तर सोडून द्या, कितीही आमसुलं घातलीत तरी ती सुधारत नाही.

आता नाव चुकीचं असल्याने बिघडतं काय, हा प्रश्न मला माझ्या मामेभावाने विचारला. तो इंग्लंडमधे असतो, त्याने एकदा फिश अँड चिप्सच्या दुकानातल्या बोर्डाचा फोटो पाठवला, ताई हा रॉक सॅल्मन कसला गं, छान लागला, काटे अजिबात नव्हते. काटे नव्हते हे वाचल्यावरच माझ्या लक्षात आलं. शार्कला हाडंच नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणून तर आपल्याकडे लहान मुलांना मोरी निर्धास्त देतात, मधला कणा काढला की झालं. रॉक सॅल्मन हा सॅल्मन नाहीच, तो डॉगफिश. कुत्र्याच्या नावाचा मासा ताटात कोण घेणार, म्हणून व्यापाऱ्यांनी नाव बदललं. फ्रान्समधे त्याला सोमोनेत म्हणतात, म्हणजे छोटा सॅल्मन. जर्मनीत त्याच्या पोटाच्या पट्ट्या धुरावर शेकल्या की त्या कुरळ्या होतात, त्यांना शिलर या कवीच्या केसांच्या बटा म्हणून शिलरलॉकन नाव आहे. ब्राझीलमधे कसांव नावाने शार्कचं मांस सर्रास विकलं जातं आणि खाणाऱ्या कितीतरी लोकांना तो शार्क आहे हे माहीत नसतं, कारण जिवंत शार्कला तिथे वेगळाच शब्द आहे.

आपणही यातून सुटलेलो नाही. रावसाला हॉटेलच्या मेनूवर इंडियन सॅल्मन लिहितात, रावसाचा आणि सॅल्मनचा काडीचा संबंध नाही. बोंबलाचं बॉम्बे डक तर जगप्रसिद्ध आहे. आणि उलटा प्रकारही आहे, जो शार्क नाही त्याला शार्क म्हणायचं. फिशटँकच्या दुकानात बाला शार्क, रेड टेल शार्क विकतात, ते रोहू-कटल्याच्या कुळातले मासे आहेत, फक्त पाठीवरचा पर उभा तिकोनी म्हणून शार्क. तिथलाच चंदेरी आयरिडेसेंट शार्क म्हणजे आग्नेय आशियातल्या मेकाँगसारख्या नद्यांतला एक मिशीवाला मासा, पंगासियस, जो वाढून मीटरभराच्या वर जातो (आणि लोक तो दोन फुटी टाकीत ठेवतात, हे बघवत नाही), आणि सुपरमार्केटच्या फ्रीजरमधे बासा म्हणून जे पांढरं फिले मिळतं ते बहुतेक वेळा हाच असतो. म्हणजे एकच मासा, एका दुकानात शार्क आणि दुसऱ्या दुकानात बासा.

तर बिघडतं काय. स्पायनी डॉगफिशची मादी मोठी व्हायलाच दहा-पंधरा वर्षं घेते, मग दोन वर्षं गरोदर, मग सहा-सात पिल्लं. अशा माशाला रॉक सॅल्मन म्हणून भरमसाठ खाल्लं तर तो संपायला आला हे खाणाऱ्याला कळणार कधी? युरोपच्या बाजूचा अटलांटिकमधला साठा इतका खाली गेला की २०१०-११ पासून तिथे त्याचा कोटा शून्यावर आणावा लागला, आणि २०२३ मधे थोडी मासेमारी परत सुरू केली तीही मोठ्या माद्या वगळून. मधल्या काळात, २०१९ मधे, एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण इंग्लंडमधल्या दुकानांतल्या तुकड्यांचा डीएनए तपासला तेव्हा चिप्सच्या दुकानांत बहुतेक वेळा हाच मासा निघाला. दुकानदारालाही माहीत नसेल, बोर्डावरचा शब्दच असा आहे की त्याखाली काहीही मावतं.

मोरीचं गणित याच्या अगदी उलट. ती एक-दोन वर्षांत वयात येते, पाच-सहा महिन्यांत पिल्लं, एका वेळेला सहापासून अठरापर्यंत, आयुष्यच मुळात पाच-सहा वर्षांचं. शार्कमधे हे फार भरभर वाढणं आहे आणि म्हणूनच इतकी वर्षं इतक्या जाळ्यांतून ती टिकलीय. टिकलीय याचा अर्थ कितीही धरा असा नाही, पण ज्या नियमाने स्पायनी डॉगफिश वाचवायचा त्या नियमाने मोरीचा विचार करता येत नाही, आणि दोघांनाही डॉगफिश लिहिलं की हा फरकच पुसला जातो. कायद्याच्या कागदावर तर अजूनच उलटं होतं. वन्य जिवांच्या देशाबाहेरच्या व्यापाराचा जो साइट्स नावाचा करार आहे त्यात २०२२ च्या नोव्हेंबरमधे, पनामातल्या बैठकीत, कार्कारिनिडी हे अख्खं कुळ दुसऱ्या परिशिष्टात घातलं गेलं. म्हणजे मोरी त्यात आली आणि तिची निर्यात करायची तर परवाना लागतो. इथे बाजारातून आणून कालवण करण्याशी त्याचा संबंध नाही. आणि स्पायनी डॉगफिश, ज्याच्यासाठी २००७ आणि २०१० अशा दोन वेळा प्रस्ताव आला, तो दोन्ही वेळा नामंजूर झाला. डॉगफिश समजून मोरीचा माल बाहेर पाठवणारा माणूस यात सरळ अडकेल.

खाण्याच्या बाजूनेही एक सांगते. आमच्याकडे बाळंतिणीला मोरी देतात, दूध येतं म्हणून, तमिळनाडूत शार्कच्या मांसाचा सुरा पुट्टू याच कारणासाठी देतात. दुसरीकडे अमेरिकेच्या एफडीएने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क खाऊ नये असं सांगितलंय, कारण शार्कच्या मांसात पारा साठतो. पारा साठतो तो मुख्यतः खूप वर्षं जगणाऱ्या, मोठ्या, दुसऱ्या माशांना खाणाऱ्या शार्कमधे. पाच वर्षांची हातभर मोरी आणि पंचवीस वर्षांचा मोठा शार्क या दोघांचं मांस बाजारात मुशी म्हणूनच मिळत असेल, तुकडे करून, तर घरात बाळंतीण असताना तुकडे घेऊ नका, अख्खा लहान मासा घेऊन समोर कापून घ्या एवढं तरी नक्की करा, आणि खायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच.

आता ते मस्टेलसचं. अॅरिस्टॉटलने सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं की गुळगुळीत डॉगफिशची पिल्लं आईच्या पोटात नाळेने गर्भाशयाला जोडलेली असतात, चार पायांच्या जनावरांच्या पिल्लांसारखी. मासा आणि नाळ! हे पुढच्या लोकांना पटेना. सतराव्या शतकात स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने ते परत पाहिलं, तरी विसरलं गेलं, कारण कुणी दुसरा तसाच दिसणारा मासा कापून बघायचा आणि त्याला नाळ सापडायची नाही. शेवटी १८४२ मधे बर्लिनच्या योहानेस म्युलर या शरीरशास्त्रज्ञाने उलगडा केला. एकाच नावाखाली लोक दोन जाती कापत होते, दिसायला जवळजवळ सारख्या. एकीला नाळ आहे, दुसरीला नाही. अॅरिस्टॉटल बरोबर होता, आणि इतक्या काळाचा घोळ दोन माशांना एक नाव असल्याने झाला होता.

हा तोच म्युलर ज्याने त्याच्या चार वर्षं आधी, १८३८ मधे, याकोब हेन्लेबरोबर आपल्या मोरीला लॅटिकॉडस नाव दिलं. हेन्ले म्हणजे मूत्रपिंडातला लूप ऑफ हेन्ले ज्याच्या नावाने आहे तोच, बारावीला बायॉलॉजी असलेल्या सगळ्यांनी त्याची आकृती काढलेली आहे. आणि नाळेच्या बाबतीत आत्तापर्यंत बघितलेल्या सगळ्या माशांत सगळ्यात पुढे गेलेली कोण, तर मोरी. बाकीच्या शार्कची पिल्लं आधी अंड्यातल्या भरपूर बलकावर वाढतात, मग काहींना नाळ फुटते. मोरीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कमधलं सगळ्यात लहान, त्यात बलक जवळपास नाहीच, त्यामुळे पिल्लू अगदी सुरुवातीलाच आईला जोडलं जातं आणि बारा ते पंधरा सेंटिमीटर होईपर्यंत जे काही वाढतं ते आईच्या रक्तातून आलेल्यावर. म्हणजे ज्या माशाला आम्ही ट्रेमधे कुणा परक्या डॉगफिशच्या जागी वापरत होतो तो खरं तर स्वतःच शिकवण्यासारखा होता, आणि आमच्या जर्नलमधे त्याच्या या गोष्टीला अर्धी ओळ.

गेल्या मे महिन्यात घरी होते तेव्हा आईने पोटुशी मोरी कापली. मी तिला म्हटलं थांब, आणि एक पिल्लू कडेने सोडवून घेतलं. तिला नाळेचं काहीच नवल नव्हतं, "आसताच ती," म्हणाली, इतकी वर्षं तिच्या हाताखालून गेलेलीच की. तुम्हाला अशी मोरी मिळाली तर पिल्लू ओढून काढू नका, गर्भाशयाच्या पातळ पडद्यासकट बाजूला घ्या आणि पांढऱ्या वाडग्यात थोडं मिठाचं पाणी करून त्यात सोडा. छातीच्या दोन परांच्या मधे नाळ लागलेली दिसेल, शार्कची बेंबी पोटावर नसते, तिथे असते. नाळेवर बारीक केसांसारखे तंतू असतात, हवेत ते सगळे चिकटून एक दोरा वाटतो, पाण्यात सोडल्यावर हळूहळू मोकळे होतात.